पोटाचे प्रश्न: सोलापुरात मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले

जीवशास्त्र शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली, जवळजवळ सगळी सोलापुरात. वर्गात "काही शंका?" असं विचारलं की सामसूम. तीच मुलं वर्गाबाहेर गाठतात, त्यांचे आईवडील बाजारात गाठतात, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावरचे पाहुणे गाठतात आणि सगळ्यांचा विषय एकच: पोट. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणार नाही. आत काय चालतं आणि ते कोण चालवतं, एवढंच.

खाल्लेल्या भाकरीला पोटातून पार व्हायला किती वेळ लागतो?

तोंडात मिनिटभर. अन्ननलिकेतून खाली उतरायला दहाएक सेकंद. जठरात दोन ते चार तास, लहान आतड्यात आणखी तीन ते सहा. म्हणजे सकाळी दहाला खाल्लेल्या भाकरीतलं घेण्यासारखं बहुतेक सगळं संध्याकाळपर्यंत रक्तात गेलेलं असतं. उरलेला चोथा मोठ्या आतड्यात रेंगाळतो, कधी अर्धा दिवस, कधी दीड-दोन दिवस. लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब आणि मोठं जेमतेम दीड मीटर. नावं लांबीवरून नाही, रुंदीवरून पडली आहेत. परीक्षेत इथं हमखास मार्क जातात.

कडक भाकरी चावत राहिली की गोड का लागते?

करून बघा, फक्त चटणी न लावता. ज्वारीतला स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम ती माळ तोडतं, तुकडे होतात माल्टोजचे आणि माल्टोज गोड असतं. दिवसाकाठी लिटर-दीड लिटर लाळ आपण गिळतो. मऊ भात दोन चावांत खाली जातो, कडक भाकरी तसं जाऊ देत नाही. पापडासारखी पातळ असली तरी ती दातांकडून काम करवून घेते, लाळेला वेळ मिळतो. म्हाताऱ्या माणसांनी ती आमटीत कुस्करून खाल्ली तरी बिघडत नाही. उरलेला स्टार्च तोडायला पुढे स्वादुपिंड बसलेलंच आहे.

खलबत्त्यात शेंगा चटणी कुटायला लागलं की नुसत्या वासानं तोंडाला पाणी का सुटतं?

कारण पचनाची सुरुवात घासानं होत नाही, बातमीनं होते. वास नाकाला लागला की मेंदू लाळग्रंथींना कळवतो, आणि व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूमार्फत जठरालाही. पहिला घास पोचण्याआधीच जठररस पाझरायला लागतो. रशियाचे इव्हान पावलोव्ह यांनी हे कुत्र्यांवर दाखवलं. घंटा वाजवून लाळ गाळणाऱ्या कुत्र्यामुळे त्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण १९०४ चं नोबेल त्यांना पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं.

फोनकडे बघत जेवणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. ताटाकडे लक्षच नसेल तर ही आगाऊ बातमी अर्धीमुर्धी जाते.

सर, जठरातलं ॲसिड एवढं कडक, मग ते जठरालाच का खात नाही?

हा मुलांचा लाडका प्रश्न. जठरात खरोखरच हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, रिकाम्या पोटी पीएच (आकडा जितका लहान, तितकं आम्ल कडक) दीड-दोनच्या आसपास. आतल्या अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो, त्यात सोड्याच्या जातीचा क्षार मुरलेला असतो आणि अस्तराच्या पेशी काही दिवसांत बदलल्या जातात. शिवाय मांसाहार आणि डाळीतली प्रथिनं तोडणारं पेप्सिन हे एन्झाइम जठर 'गुंडाळून' सोडतं. आम्लात पोचल्यावरच ते उघडतं आणि कामाला लागतं. म्यानात तलवार, तसं.

जिवंत माणसाच्या जठराचं काम डोळ्यांनी बघून सविस्तर लिहून ठेवणारा माणूस म्हणजे अमेरिकी लष्करातला डॉक्टर विल्यम बोमाँट. १८२२ साली ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला पोटात गोळी लागली. तो वाचला, पण जखमेचं भोक बुजलंच नाही. बोमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचा तुकडा बांधून त्या भोकातून जठरात सोडायचा आणि थोड्या थोड्या वेळानं ओढून बघायचा. १८३३ मध्ये त्यानं पुस्तक काढलं. विज्ञानाला फार मोलाची माहिती मिळाली. त्या गड्याला काय वाटत असेल, याचा विचार मात्र मला दर वर्षी हा धडा शिकवताना येतो.

पित्त झालंय, असं आपण म्हणतो ते नक्की काय असतं?

आपली भाषा पोटाबद्दल बरंच अचूक बोलते. एका 'पित्त' या शब्दानं मात्र तिनं सगळ्यांना गोंधळात टाकलंय. छातीत जळजळ, घशाशी आंबट, करपट ढेकर: याला आपण पित्त म्हणतो. ते असतं जठरातलं आम्ल, अन्ननलिकेच्या खालची झडप ढिली पडली की वर येणारं. अंगावर गांधी उठतात, आई आमसूल चोळते: तेही पित्तच. त्याचा यकृताशी काही संबंध नाही. त्वचेतल्या पेशींतून हिस्टामिन नावाचं रसायन सुटल्यानं त्या गांधी येतात. गंमत अशी, की हेच हिस्टामिन जठरात आम्ल सोडायचा हुकूमही देतं, पण त्यासाठीचं कुलूप वेगळं आणि गोळीही वेगळी. आयुर्वेदातलं पित्त ही आणखी निराळी संकल्पना, ती इथं आणत नाही.

खरं पित्त, म्हणजे शरीरशास्त्रातलं, यकृतात तयार होतं: हिरवट पिवळं, कडू आणि आंबट तर मुळीच नाही. रिकाम्या पोटी खूप उलट्या झाल्या की शेवटी जे कडू पाणी पडतं, ते हे. रोज अर्धा ते एक लिटर बनतं. जेवण नसेल तेव्हा ते पित्ताशयात साठतं, तिथं त्यातलं पाणी शोषलं जाऊन ते दाट होतं. मुख्य काम एकच, पण महत्त्वाचं: तेलाचे मोठे थेंब फोडून बारीक करायचे. चिकट भांड्याला साबण जे करतो तेच. काम झालं की त्यातले बहुतेक क्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषले जाऊन पुन्हा यकृताकडे परततात. शौचाचा पिवळा-तपकिरी रंगही पित्तातल्याच रंगद्रव्याचा. म्हणून शौच पांढरट आणि लघवी गडद पिवळी झाली तर घरगुती उपाय करत बसू नये.

पित्ताशय काढलेल्या माणसाचं पचन थांबतं का, असंही विचारतात. नाही. पित्त बनतच राहतं, फक्त साठा होत नाही, थेंब थेंब थेट आतड्यात उतरतं.

हे सगळं ठरवतं कोण? मेंदू?

माझ्या मते खरा प्रश्न हा आहे आणि नेमका हाच कमी लोक विचारतात.

पूर्व भागातल्या एका घरात मी शिकवणीला जायचो. पुढच्या खोलीत मुलगी अभ्यास करायची, मागं यंत्रमाग खडखडायचे. मधेच एखादा माग आपसूक गप्प व्हायचा. बाणा तुटला की काटा खाली पडतो आणि माग स्वतःच थांबतो, मालकानं धावत यावं लागत नाही. मी तिला म्हटलं, पचनसंस्था अशीच आहे. पुढं अडचण झाली की मागचं काम थांबतं.

जठराच्या खालच्या टोकाशी एक झडप असते. तिच्यातून पेजेसारखं पातळ झालेलं अन्न चमचा-चमचा पुढे सरकतं, साधारण दोन मिलिमीटरपेक्षा मोठा कण असेल तर तो परत घुसळणीत. त्या झडपेपलीकडे लहान आतड्याचा पहिला वीतभर भाग, ड्युओडेनम. त्याला मी या गिरणीचा मुकादम म्हणतो. आलेला माल आंबट आहे? तेलकट आहे? फार दाट आहे? तो चाखतो आणि दोन्हीकडे निरोप धाडतो. मागं जठराला: दम धर. पुढं स्वादुपिंडाला आणि पित्ताशयाला: माल पाठवा.

निरोप तारेनं, म्हणजे मज्जातंतूंनी जातो, असं पावलोव्ह यांच्यासह सगळे मानत. जानेवारी १९०२ मध्ये, आपल्याकडे गड्ड्याची जत्रा भरते त्याच महिन्यात, लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याचे सगळे मज्जातंतू कापले आणि त्यात आम्ल घातलं. स्वादुपिंड तरीही पाझरलं. तार तुटलेली, तरी निरोप पोचला कसा? त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, आम्लात घोटलं, गाळलं आणि तो अर्क रक्तात टोचला. स्वादुपिंड पुन्हा पाझरलं. निरोप रक्तातून जात होता. त्या रसायनाला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं आणि अशा सगळ्या निरोप्यांसाठी 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंगनी १९०५ मध्ये वापरला. थायरॉइड नव्हे, इन्सुलिन नव्हे. हॉर्मोन या नावाचं बारसं पोटात झालेलं आहे.

सिक्रेटिन आम्लाला प्रतिसाद देतं: स्वादुपिंडाकडून क्षारयुक्त रस मागवून आम्ल मारतं. कोलेसिस्टोकायनिन हे दुसरं हॉर्मोन तेल आणि प्रथिनं दिसली की सुटतं. ते पित्ताशय आवळतं, स्वादुपिंडाकडून एन्झाइम मागवतं, जठराचा वेग कमी करतं आणि मेंदूला 'आता पुरे' असंही कळवतं. आतड्याच्या खालच्या भागातून येणारं जीएलपी-१ इन्सुलिन वाढवतं आणि तेही जठराला आवरतं. हल्ली वजन उतरवायच्या ज्या इंजेक्शनांची चर्चा ऐकता, ती याच निरोप्याची नक्कल करतात. त्यामुळे ती घेणाऱ्याला मळमळतं आणि जेवण पोटात बराच वेळ बसून राहिल्यासारखं वाटतं.

मेंदू आहे, पण तो गावाला असलेल्या मालकासारखा. फोन करतो, कधी घोळही घालतो. रोजचं काम त्याच्यावाचून चालतं.

चटणी-भाकरी खाल्ली की भूक उशिरा लागते, ते का?

वरच्या उत्तरातच आहे. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल. तेल दिसलं की मुकादम जठराला थांबवतो. कामाच्या पाळीला जाताना भाकरीत चटणी गुंडाळून नेणाऱ्यांना हे पुस्तक न वाचता कळलेलं होतं.

मटणाच्या जेवणानंतर सोडा प्यायला, मोठी ढेकर आली. पचलं ना?

नाही. सोड्यातला वायू वर आला, एवढंच. रश्श्यावरची तर्री अजून जठरात आहे आणि ती घाईनं पुढे जाणार नाही.

सकाळी चहा घेतला की लगेच का जावं लागतं? चहानं पोट साफ होतं का?

जठर ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला जागा करायचा इशारा जातो. सकाळी तो सर्वांत जोरकस असतो. बाहेर पडतं ते काल-परवाचं, आत्ताचा चहा नव्हे. नुसतं कोमट पाणी घेऊनही पुष्कळांचं काम होतं, पण चहाची सवय लागलेल्याला हे पटवणं मला आजवर जमलेलं नाही. लहान मुलांना शिस्त लावायची असेल तर खाण्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी बसवावं, शाळेची रिक्षा दारात उभी असताना नव्हे.

पोटात कावळे ओरडतात ते काय असतं?

झाडलोट. शेवटच्या जेवणानंतर जठर आणि लहान आतडं रिकामं झालं की दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक मोठी लाट वरून खालपर्यंत जाते आणि अडकलेले कण, जंतू, श्लेष्मा पुढे ढकलते. आत पाणी आणि हवा असल्यामुळे आवाज येतो. घास खाल्ला की झाडलोट बंद. सारखं चिवडा-शेव तोंडात टाकणाऱ्याच्या आतड्याला झाडायला फुरसतच मिळत नाही.

भुकेची जाणीव वेगळी. जठर रिकामं असताना घ्रेलिन नावाचं हॉर्मोन सुटतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ मध्ये शोधलं. आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी ते वाढतं, म्हणून एकची सवय असलेल्याला बाराच्या पुढे काही सुचत नाही.

दहावीच्या पेपरला जाताना पोरगीच्या पोटात गोळा येतो, दोनदा संडासला जाते. नाटक करते का?

नाही हो. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं. मेंदूशी असलेले धागे तोडले तरी आतडं ढकलायचं काम चालू ठेवतं, इतकं ते स्वतंत्र. व्हेगसमधले बहुतेक धागे तर खालून वर बातमी नेणारे आहेत, वरून खाली हुकूम नेणारे थोडे. शरीरातल्या सेरोटोनिन या निरोप्या रसायनापैकी सुमारे ९० टक्के पोटातच असतं. भीती वाटली की ताणाची रसायनं जठराला थांबवतात, म्हणून घास उतरत नाही, आणि मोठ्या आतड्याला हुसकावतात. पेपरच्या दिवशी तिला ओळखीचं, हलकं खायला द्या आणि अर्धा तास आधी उठवा. रागावू नका, त्यानं गोळा मोठा होतो.

काय बे, हुरडा खाल्ला की दिवसभर पोट फुगतंय!

हे माझ्या मित्राचं, शेतातल्या हुरडा पार्टीनंतरचं. आधी त्यानं किती खाल्ला होता ते सांगतो: हुरडा, वर शेंगा चटणी, दही, गूळ, बोरं, पेरू, उसाचा रस. ज्वारीत तंतू भरपूर, वाळलेल्या दाण्यात १०० ग्रॅममागे १० ग्रॅमच्या आसपास. हे तंतू तोडणारं एन्झाइम माणसाकडे नाही. ते तसेच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात. जिवाणूंनी आंबवलं की वायू होणारच. मटकी, हरभरा, तूर यांचं तेच, त्यात रॅफिनोजसारख्या साखरा असतात ज्या आपल्याला तोडता येत नाहीत. रात्रभर भिजवून पाणी फेकलं की त्या बऱ्याच निघून जातात.

पण या आंबवण्यातूनच मोठ्या आतड्याच्या पेशींचं इंधन तयार होतं, तेव्हा वायू म्हणजे बिघाड नव्हे. दिवसात दहा-वीस वेळा वारा सरणं अगदी ठीक. रोज मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी खाणाऱ्याचे जिवाणू तंतूंना सरावलेले असतात. एरवी मैद्याच्या पावावर राहणारा माणूस वर्षातून एकदा शेतात येऊन बसतो, त्याचंच पोट नगारा होतं.

तिखटानं अल्सर होतो ना?

आपल्या गावात हा प्रश्न म्हणजे दुखरी नस. मिरचीतलं कॅप्सेसिन शरीरातल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्रहणबिंदूला फसवतं, म्हणून प्रत्यक्षात काही न भाजता भाजल्यासारखं वाटतं. तो ग्रहणबिंदू शोधण्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. असे बिंदू तोंडात असतात आणि मार्गाच्या दुसऱ्या टोकालाही. कॅप्सेसिन सगळं शोषलं जात नाही, त्यामुळे रात्रीच्या रश्श्याची आठवण सकाळी येते. तिखट पाण्यात विरघळत नाही, तेव्हा पाण्याऐवजी दूध किंवा दही घ्यावं.

आधीच जळजळ असेल तर तिखट ती वाढवतं, हे खरं. पण अल्सरची मुख्य कारणं दोन. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, आणि २००५ मध्ये त्यांना व रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. दुसरं कारण आपल्याकडे फार दुर्लक्षिलं जातं: वेदनाशामक गोळ्या. मागावर दिवसभर उभं राहून किंवा विड्या वळत बसून कंबर धरते, दुकानातून गोळी येते, महिनोन्‌महिने चालते. या गोळ्यांतल्या बऱ्याचशा, जठराचं श्लेष्माचं कवच टिकवणारी रसायनंच बंद पाडतात. दोष चटणीला मिळतो.

दूध सोसत नाही, ताक सोसतं. असं कसं?

दुधातली लॅक्टोज साखर तोडणारं एन्झाइम बऱ्याच मोठ्या माणसांत कमी होतं. दही लागताना जिवाणू त्यातली काही साखर आधीच संपवतात. बाकी काही नाही.

उन्हाळ्यात जुलाब लागले की मीठ-साखरेचं पाणीच का? नुसतं पाणी का नको?

आतड्याचा पाण्याचा हिशेब बघा. आपण पितो-खातो त्यातून सुमारे दोन लिटर, आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा व आतड्याचा रस मिळून सात लिटर: रोज नऊ लिटर आत येतं. शौचातून जेमतेम १००-२०० मिलिलिटर बाहेर जातं, बाकी सगळं परत रक्तात. जुलाबात ही परतफेड कोलमडते, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना घामाचा खर्च वेगळाच.

आतड्याच्या पेशींवर एक दार असं आहे की मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आले तरच ते उघडतं. ती जोडी आत शिरली की मागोमाग पाणी ओढलं जातं. बहुतेक जुलाबांत हे दार शाबूत राहतं. १९७१ मध्ये बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी तोंडावाटे पाजून असंख्य जीव वाचवले.

ओआरएसची, म्हणजे याच मीठ-साखरेची तयार पुडी मिळाली तर तीच घ्या. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं वाढवू नका. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, बॅरलमध्ये साठवलेलं असतं, त्यामुळे ते उकळून गार केलेलंच हवं.

आषाढीचा उपवास केला की पोटाला विश्रांती मिळते का?

काही न खाल्लं तर मिळते. यकृतातल्या साखरेच्या साठ्यावर दिवसभर भागतं, मग चरबी वापरात येते. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात तूप आणि दाण्याचं कूट. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्याला मुकादमाचा पत्ता ठाऊक असावा.

डॉक्टरकडे कधी जायचं?

शौच डांबरासारखं काळं झालं किंवा त्यात रक्त दिसलं, घास अडकायला लागला, कारण नसताना वजन उतरलं, उलटीत रक्त आलं, रात्री झोपेतून उठवणारं पोटदुखणं असेल, बाळाला जुलाब होऊन ते मलूल पडलं असेल, तर त्याच दिवशी. आणखी एक: छातीतली जळजळ हातात किंवा जबड्यात पसरत असेल आणि घाम फुटला असेल तर ते 'पित्त' समजून घरी थांबू नका, हृदयाचं असू शकतं.

उलटं टांगून घेतलं तर घास पोटात जाईल का?

जाईल. अन्ननलिकेचे स्नायू घासाच्या मागे आवळत त्याला पुढे ढकलतात, गुरुत्वाकर्षणाची वाट बघत नाहीत. अंतराळवीर जेवतात ते याच जोरावर. मी वर्गात एवढं सांगितलं आणि पुढच्याच तासाला एका पोरानं भिंतीला पाय लावून हातांवर उभं राहत नळीनं पाणी पिऊन दाखवलं. पाणी पोटात गेलं. थोडं नाकातही गेलं.